शेंबूड ही घाण नाही

“मला सायनस आहे” असे आपण इतक्या सहज म्हणतो की त्यातली चूक कुणाला खटकत नाही. सायनस प्रत्येकालाच असतात. नाकाभोवतीच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या आहेत. एक गालांत, एक कपाळात, एक दोन डोळ्यांच्या मधल्या जाळीदार हाडात आणि एक त्याच्याही मागे, मेंदूच्या तळाशी. त्या असणे हा आजार नाही. त्यांचे अस्तर सुजते, नाकात उघडणारी त्यांची तोंडे बुजतात आणि आतला स्राव अडकून पडतो, तेव्हा आजार होतो. पण एकदा अवयवाचेच नाव आजाराला दिले की उपायही त्या अवयवावर सूड उगवावा तसे सुचू लागतात. उपसा, खरवडा, धुऊन काढा. जलनेती अनेक घरांत याच भावनेने शिरली आहे. नळीचा लोटा, कोमट पाणी, चिमूटभर मीठ आणि “आतली सगळी घाण निघून जाते” ही खात्री.

माझे भांडण या खात्रीशी आहे. मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा रेंगाळणाऱ्या सायनसच्या त्रासावरचा चांगला, स्वस्त आणि अभ्यासांचे बऱ्यापैकी पाठबळ असलेला उपचार आहे, असे मी ठामपणे मानतो. मात्र त्याला ‘शुद्धी’ समजले की उपचाराचे सगळे नियम गळून पडतात. शुद्धीला प्रमाण लागत नाही, मुदत लागत नाही, निदानही लागत नाही. ती जितकी जास्त तितकी चांगली. उपचाराला हे सगळे लागते. घरोघरी नाक धुताना होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका मला या एका गैरसमजातून निघताना दिसतात, आणि त्यातली एखादी चूक जिवावर बेतू शकते. म्हणून सुरुवात शेंबडापासूनच करायला हवी.

१. ज्याला आपण घाण म्हणतो

मराठीत शेंबूड हा शब्दच तुच्छतेने बोलला जातो. कुणाला शेंबडा म्हटले की त्याची अक्कलही काढली जाते. किळस समजण्यासारखी आहे, पण शरीराचा व्यवहार वेगळा आहे. निरोगी नाकाच्या अस्तरावर या चिकट द्रवाचा पातळ थर कायम पसरलेला असतो. श्वासाबरोबर आलेली धूळ, परागकण, जंतू त्याला चिकटतात. थराखालच्या पेशींवर अतिसूक्ष्म केसांचे रान असते. हे केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने झुलतात आणि वरचा थर घशाकडे सरकवत नेतात. नाकात पुढे अडकलेला कण साधारण दहा ते वीस मिनिटांत घशात पोचतो, आपल्या नकळत गिळला जातो, आणि उरलेले काम जठरातले आम्ल करते. नाक दिवसभर, झोपेतसुद्धा, स्वतःला धूतच असते.

गालातल्या सायनसची रचना तर मुद्दाम पाहण्यासारखी आहे. त्या पोकळीचे तोंड तळाशी नाही, आतल्या भिंतीवर वरच्या बाजूला आहे. माणूस उभा असताना तिथला स्राव आपसूक खाली वाहून येणे शक्यच नाही. ते सूक्ष्म केसच तो चढणीने ढकलत तोंडापर्यंत आणतात. विहिरीचे पाणी मोटेशिवाय काठाला लागावे तसे हे आहे. या सगळ्या विषयात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

सर्दी झाली, ॲलर्जी उसळली किंवा सूज महिनोन्महिने रेंगाळली की या व्यवस्थेत तीन गोष्टी बिघडतात. स्राव घट्ट होतो, केसांची गती मंदावते आणि सायनसची आधीच अरुंद असलेली तोंडे सुजून मिटतात. शेंबूड आहे हे दुखणे नसून तो हलत नाही हे दुखणे आहे. त्याच्या हिरव्या-पिवळ्या रंगालाही लोक विनाकारण घाबरतात आणि रंग दिसताच प्रतिजैविक मागतात. तो रंग मुख्यतः आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका विकराचा असतो आणि साध्या विषाणूजन्य सर्दीतही येतो. नुसत्या रंगावरून जिवाणू ठरत नाहीत.

२. पाणी नेमके कुठे जाते

“सायनस धुतले” हा शब्दप्रयोगही तपासून पाहायला हवा. शस्त्रक्रिया न झालेल्या माणसाच्या सायनसची तोंडे काही मिलिमीटरचीच असतात आणि त्रासाच्या दिवसांत तीही सुजलेली. लोट्यातले पाणी त्या पोकळ्यांत फारसे शिरत नाही. ते एका नाकपुडीतून आत जाते, पडद्याच्या मागून वळसा घेते आणि दुसरीतून बाहेर पडते. धुतले जाते ते नाक.

मग आराम कसा पडतो? दाराशी साचलेला चिकटा निघतो, वाळलेल्या खपल्या सुटतात, ॲलर्जी चेतवणारे कण आणि सूज वाढवणारी रसायने वाहून जातात, आणि पातळ झालेला थर पुन्हा सरकू लागतो. पोकळीतला स्राव बाहेर काढण्याचे काम शेवटी ते केसच करतात. पाण्याने त्यांची वाट मोकळी होते, बस्स. हे एकदा पटले की “आज काहीच बाहेर पडले नाही, अजून दोन लोटे घालतो” हा हट्ट आपोआप सुटतो. बेसिनमध्ये काय पडले हे उपचाराचे माप नाही. श्वास, वास आणि चेहऱ्यावरचा जडपणा यांत दोन-तीन आठवड्यांत काय फरक पडला, हे माप आहे.

३. ‘चिमूटभर’ म्हणजे किती

साधे पाणी नाकात गेले की झोंबते, हा पोहणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव. त्याचे कारण क्षारांच्या फरकात आहे. पेशींच्या आत क्षार जास्त आणि बाहेरच्या पाण्यात नगण्य असले की पाणी पेशींत घुसते आणि त्या फुगतात. पाण्यात मीठ ०.९ टक्के, म्हणजे १ लिटरला ९ ग्रॅम असले की ही ओढाताण थांबते. असे पाणी साधारण अश्रूंइतके खारट लागते, आणि डोळ्यांतले पाणी नाकात उतरताना कधी झोंबत नाही हे आपण जाणतोच.

स्वयंपाकघरात मात्र मीठ अंदाजाने पडते. बारीक मिठाचा चहाचा सपाट चमचा ५ ते ६ ग्रॅम भरतो. शिगोशीग भरला तर सहज दुप्पट. खडेमीठ तर चमच्याने मोजताच येत नाही, कारण खड्यांमधली हवाही मोजली जाते. आमच्या घरी मी एकदा पाच जणांच्या ‘चिमटी’ स्वयंपाकाच्या काट्यावर तोलून पाहिल्या. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या चिमटीत तिपटीहून अधिक फरक निघाला. म्हणून पाव लिटरच्या लोट्याला सव्वादोन ग्रॅम, म्हणजे अर्ध्या सपाट चमच्याहून किंचित कमी, हे प्रमाण एकदा तोलून बसवावे आणि मग तोच चमचा कायम ठेवावा. किंचित खायचा सोडा घातला तर काहींना ते पाणी आणखी सौम्य वाटते. सैंधव की समुद्री की आयोडीनयुक्त, यावर तावातावाने वाद घालण्यात अर्थ नाही. काहींच्या नाकाला दळलेल्या मिठातली मोकळेपणासाठी घातलेली भर झोंबते, त्यांनी साधे मीठ घ्यावे. मिठाच्या जातीपेक्षा वजन महत्त्वाचे.

४. पुरावा आहे, पण किती?

२००२ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी वारंवार सायनसचा त्रास होणाऱ्या ७६ जणांवर सहा महिन्यांची चाचणी केली. रोज २ टक्के मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या गटाचा त्रास कमी झाला, औषधेही कमी लागली. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या ८७१ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. ती आपल्यासाठी विशेष महत्त्वाची, कारण तीत नाक धुणे आणि वाफ घेणे या दोन्ही घरगुती उपायांची परीक्षा होती. नाक धुण्याचा फायदा झाला, पण माफक. वाफेने डोकेदुखी काहीशी उतरली, बाकी लक्षणांवर ठोस परिणाम दिसला नाही. डोक्यावरून टॉवेल घेऊन पातेल्यावर वाकणे हा आपल्याकडचा जवळजवळ प्रतिक्षिप्त उपाय आहे, आणि ते उकळते पातेले कलंडून मुले भाजतात. त्या धोक्याच्या मानाने पदरात पडते फार थोडे.

२०१६ च्याच कॉक्रेन समीक्षेने या विषयावरचे अभ्यास तपासले आणि एकूण पुराव्याचा दर्जा कमी ठरवला. तरीही त्यातून एक उपयोगी गोष्ट हाती लागते. भरपूर पाण्याने धुण्याचा काही लाभ दिसतो, ५ मिलिलिटरच्या तुषारांचा तसा दिसत नाही. दोन थेंब टाकणे आणि नाक धुणे या वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपातील तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी बारा आठवड्यांहून अधिक चालणाऱ्या सायनसच्या सुजेत मिठाचे पाणी आणि नाकातला स्टेरॉइड फवारा यांना पहिल्या पायरीवर ठेवले आहे.

हे दोन्ही एकत्र घेणाऱ्यांची एक चूक नेहमीची. सकाळी फवारा मारायचा आणि मग अंघोळीच्या वेळी नाक धुवायचे. औषध मोरीत जाते. आधी धुवावे, पाणी पूर्ण निथळू द्यावे, मग फवारा. आणि ‘फवारा’ म्हणजे चोंदलेले नाक दोन मिनिटांत उघडणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब नव्हेत. ते आठवडाभराहून अधिक चालू ठेवले की औषध उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदते आणि माणूस बाटलीला बांधला जातो. अशी बाटली उशाशी ठेवून वर्षे काढणारी माणसे मी जवळून पाहिली आहेत. नाक धुण्याची सवय त्यांना त्या बाटलीपासून सोडवण्याच्या कामी येऊ शकते, आणि माझ्या मते हा तिचा फार मोठा गुण आहे.

५. ‘हे तर आपल्या ऋषिमुनींनी सांगितले आहे’

या आक्षेपाला मी आदराने आणि सविस्तर उत्तर देऊ इच्छितो, कारण तो करणारी माणसे मनापासून बोलत असतात. हठप्रदीपिका आणि घेरंडसंहिता या हठयोगाच्या ग्रंथांत षट्कर्मांमध्ये, म्हणजे सहा शुद्धिक्रियांमध्ये, नेती आहे हे खरे. पण तिथे वर्णन आहे ते सूत्रनेतीचे. वीतभर मऊ सूत नाकातून घालून तोंडावाटे काढायचे. नाकाने पाणी आत घेण्याची क्रिया घेरंडसंहितेत आहे, ती कपालभातीच्या व्युत्क्रम या प्रकारात. त्यात पाणी नाकातून घेऊन तोंडावाटे टाकायचे असते. नळीच्या लोट्याने एका नाकपुडीतून दुसरीत पाणी सोडण्याची आजची रीत या वर्णनांत नाही. तिने लाजावे असे यात काही नाही. चांगल्या रीती काळाबरोबर सुधारतात. पण “जशीच्या तशी हजारो वर्षे चालत आली, म्हणून तपासायची गरज नाही” हा दावा त्याच ग्रंथांवर टिकत नाही.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. हठप्रदीपिका षट्कर्मे सरसकट सर्वांना सांगत नाही. ज्याच्या शरीरात मेद आणि कफ वाढला आहे त्याने ती आधी करावीत, ज्याचे दोष समतोल आहेत त्याने करू नयेत, असा तिचा स्पष्ट दंडक आहे. परंपरेने ही क्रिया गरज पाहूनच सांगितली. रोज, सर्वांनी, आयुष्यभर हा हुकूम आपण तिच्या तोंडी घातला.

आणि तपासण्याची परंपराही इथलीच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभे केले ते योगक्रियांना प्रयोगशाळेत आणण्यासाठी, आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही सुरू केले. क्रिया आपली आहे म्हणून तिला प्रश्न विचारायचे नाहीत, असे त्यांना वाटले असते तर क्ष-किरण यंत्रापुढे योगी उभे राहिले नसते.

६. पाणी

इथे मला सर्वांत जास्त शब्द खर्च करायचे आहेत.

पिण्यायोग्य पाणी नाकात घालण्यायोग्य असतेच असे नाही. प्यायलेले पाणी जठराच्या आम्लातून जाते. नाकातल्या पाण्याला तसा पहारा नाही. उलट नाकाच्या छताशी एक चाळणीसारखे हाड आहे, त्याच्या छिद्रांतून वासाच्या नाडीचे तंतू थेट मेंदूत जातात. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा याच वाटेने चढतो. तो उबदार गोड्या पाण्यात राहतो, ४६ अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता सोसतो, आणि मेंदूत पोचला की बहुतेक वेळा रुग्ण दगावतो. तेच पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही. २०११ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाचे पाणी लोट्यात घेऊन नाक धुणाऱ्या दोन व्यक्तींचा यात मृत्यू झाला. दोन्ही घरांच्या नळजोडणीत तो अमीबा सापडला. २०२३ मध्ये फ्लोरिडात तसाच आणखी एक मृत्यू झाला. कराचीत कधी पोहायला न गेलेली माणसे या आजाराने गेली, आणि नमाजापूर्वी वुजू करताना नाकात घेतलेल्या नळाच्या पाण्याकडे डॉक्टरांचे लक्ष वळले. केरळात २०२४ पासून अमीबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण वाढले आणि विहिरी-टाक्यांत क्लोरिन टाकण्याची मोहीम हाती घ्यावी लागली.

आता आपली गच्ची डोळ्यांपुढे आणा. काळी प्लास्टिकची टाकी, एप्रिल-मेचे ऊन, अकोल्यात किंवा चंद्रपुरात पारा पंचेचाळिशीला टेकलेला, तळाशी बोटभर गाळ, आणि शेवटची धुतली कधी हे सोसायटीत कुणालाच आठवत नाही. पालिकेने सोडलेले क्लोरिन त्या टाकीत किती टिकत असेल? त्या टाकीतले कोमट पाणी गिझरशिवायच ‘जलनेतीला योग्य’ लागते, हीच त्यातली भीती.

“आमच्याकडे फिल्टर आहे” हे उत्तर पुरेसे नाही. यंत्रातून निघालेले पाणी त्याच्याच टाकीत तासन् तास साठते, आणि ते निर्जंतुक राहील याची हमी कुणी देत नाही. बाटलीबंद पाणीही पिण्यासाठीच असते. उपाय आजीच्या काळापासूनचा आहे. खळखळून उकळी आल्यावर पाणी तीन ते पाच मिनिटे उकळत ठेवावे, झाकून कोमट होऊ द्यावे, आणि उरलेले स्वच्छ बंद भांड्यात ठेवून चोवीस तासांत संपवावे. लोटाही त्याच उकळलेल्या पाण्याने विसळून पालथा घालून कोरडा करावा. ओला लोटा बाथरूमच्या कोनाड्यात ठेवणे म्हणजे उद्याच्या पाण्यात आज जंतू पेरणे.

कुणी म्हणेल, इतक्या विरळ आजारासाठी एवढा खटाटोप? आजार विरळ आहे, हे खरेच. पण तोलायच्या बाजू अशा आहेत: एकीकडे पाच मिनिटांचा गॅस, दुसरीकडे जवळजवळ निश्चित मृत्यू. आणि नाक धुणारे जितके वाढतील तितकी कच्च्या पाण्याने धुणारी नाकेही वाढतील. हा खटाटोप ज्याला नकोसा वाटतो त्याने नाक धुऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन.

७. रीत

यावर थोडेच. बेसिनवर वाकावे, मान एका बाजूला वळवावी, तोंड उघडे ठेवून तोंडानेच श्वास घ्यावा, पाणी आपल्या वजनाने वाहू द्यावे. दाबून घालू नये, मध्येच बोलू किंवा गिळू नये. नंतर दोन्ही नाकपुड्या चिमटीत धरून जोरात शिंकरणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक. त्या दाबाने पाणी कानाच्या नळीत चढते. एकेक नाकपुडी मोकळी ठेवून हळू शिंकरावे आणि मग थोडा वेळ पुढे वाकून, मान इकडेतिकडे वळवत थांबावे. एवढे करूनही अर्ध्या तासाने चप्पल घालायला वाकलात की नाकातून पाण्याची धार लागते. म्हणून झोपायच्या तोंडावर धुऊ नये.

८. रोज करावे का?

चांगली गोष्ट रोज केली तर बिघडले कुठे, हा प्रश्न रास्त वाटतो. पण पहिला भाग आठवा. तो थर नाकाचे कवच आहे, आणि त्यात जंतूंशी लढणारी द्रव्येही असतात. वर्षानुवर्षे रोज नाक धुणाऱ्या काही रुग्णांनी ते थांबवल्यावर त्यांचे संसर्ग कमी झाले, असे निरीक्षण २००९ मध्ये अमेरिकेतील ॲलर्जीतज्ज्ञांच्या परिषदेत मांडले गेले. अभ्यास लहान होता, त्यावरून निकाल देता येत नाही, आणि जुनाट सूज किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या काळात डॉक्टर महिनोन्महिने रोज धुवायला सांगतात ते योग्यच आहे. माझा आक्षेप आहे तो ठणठणीत माणसाने ‘आतून स्वच्छ’ वाटावे म्हणून ते करण्याला. त्रास असेल तितके दिवस, धुळीच्या किंवा फुलोऱ्याच्या मोसमात, कापसाच्या जिनिंगमध्ये वा बांधकामावर दिवस काढून आल्यावर, जरूर धुवावे. नाक बरे झाले की त्याला त्याचे काम करू द्यावे.

९. जिथे लोटा उपयोगाचा नाही

शुद्धीची कल्पना निदानाला बगल देते, आणि तिचे सर्वांत मोठे नुकसान मला हेच वाटते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ‘सायनसची डोकेदुखी’ आहे असे समजणारे २,९९१ जण तपासले, त्यांपैकी ८८ टक्क्यांची डोकेदुखी अर्धशिशीच्या प्रकारातली निघाली. अशा माणसाने कितीही लोटे घातले तरी कपाळ ठणकणारच, आणि अर्धशिशीवरचे योग्य औषध लांबत जाणार. “नाकाचं हाड वाढलंय” असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्यांचा पडदा बऱ्याचदा वाकडा असतो, किंवा आतला मांसल भाग सुजलेला असतो. सूज पाण्याने उतरू शकते, वाकडे हाड सरळ होत नाही. एकाच बाजूने दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर वरच्या दाढेचे मूळ तपासावे लागते, आणि लहान मूल असेल तर नाकात मणी, खडू किंवा चिंचोका अडकला आहे का हे आधी पाहावे लागते. डोक्याला मार लागल्यावर एका नाकपुडीतून स्वच्छ पाणी ठिबकू लागले तर ते मेंदूभोवतीचे पाणी असू शकते. तिथे धुण्याचा प्रश्नच येत नाही. नाक पूर्ण चोंदले असेल, कान दुखत असेल किंवा घोळणा वारंवार फुटत असेल, तरी आधी डॉक्टर.

आणि २०२१ चा उन्हाळा महाराष्ट्राने विसरू नये. करोनातून उठलेल्या, साखर चढलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या माणसांना म्युकरमायकोसिसने गाठले, आणि देशात सर्वाधिक झळ बसलेल्या राज्यांत आपण होतो. कित्येकांची सुरुवात ‘सायनस’ वाटावा अशीच झाली होती. गाल जड, नाक बंद, अर्धे डोके दुखणारे. बुरशी एकेका दिवसात हाडातून डोळ्याकडे सरकत होती. मधुमेह असलेल्या माणसाचा गाल बधिर झाला, नाकातून काळपट खपली निघाली, पापणी सुजली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर लोटा ओट्यावरच राहू द्यावा आणि त्याच दिवशी, सकाळची वाट न पाहता, कान-नाक-घसा विभाग असलेले रुग्णालय गाठावे.